जुना ड्रायव्हर काढला का?

१० जानेवारी

ढब्बू,

आशीर्वाद शेवटी देईन, तोपर्यंत राग उतरला तर.

तू पाठवलेलं कार्ड बिघडलेलं आहे. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर मी एक वाक्य बोलले की तू ‘ताई, आधी माझं ऐक’ म्हणतोस आणि पुढे तुझंच ऐकत बसावं लागतं. कागद मध्ये तोंड घालत नाही, म्हणून कागदावर लिहितेय.

सख्खा भाऊ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि बहिणीच्या नशिबी हे. छापखान्यातल्या माझ्या मशीनचं जुनं ग्राफिक्स कार्ड घरघर करायला लागलं. नवं आणा म्हणून मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, बघू. त्यांचं ‘बघू’ ऐकत मी केस पिकवले. म्हणून तुझ्यापुढे तोंड उघडलं. तू मोठ्या तोऱ्यात पार्सल धाडलंस आणि वर चिठ्ठी: आधी जुना ड्रायव्हर काढ, मग मशीन बंद कर, वायर काढ, कार्ड बदल, मग नवा ड्रायव्हर टाक. मी काय काल जन्मले? सगळं केलं. स्क्रीन लागली, लुकलुकली आणि काळीठिक्कर पडली. परत लावली तर चित्रावर आडवे पट्टे, आणि पुन्हा काळी.

आणि नेमकं आत्ताच एका डॉक्टरीणबाईंचं पुस्तक आलंय. त्वचारोगांचं. शिकणाऱ्या पोरांनी फोटो बघून रोग ओळखायचा, म्हणजे रंग केसाएवढाही इकडचा तिकडे होऊन चालणार नाही. हे फोटो माझ्या हाताखालून गेल्याशिवाय आणि पहिल्या तावावर माझी सही झाल्याशिवाय छपाईचा मशीनमन पुढचा कागद सोडत नाही. इथला नियमच आहे तसा. आणि आज मालक काय म्हणाले माहितेय? तुमचं मशीन चालत नसेल तर रंगाचं काम बाहेरून करून घेऊ. बाहेरून! आणि मी काय खुर्चीवरची धूळ झटकत बसू?

दुसरं कार्ड पाठव. चालणारं.

ताई


१५ जानेवारी

ताई,

नमस्कार. भांडण पोचलं.

कार्ड बिघडलेलं नाही. पार्सल करण्याआधी माझ्या मशीनवर घालून चालवून बघितलं होतं, कारण बिघडलेलं निघालं तर माझं काय होईल हे मला लहानपणापासून माहीत आहे. लोक मला विचारून सामान घेतात ताई, आणि तू म्हणतेस ‘चालणारं पाठव’. लागलं मला ते.

आता एकच प्रश्न. जुना ड्रायव्हर काढला का? खरं सांग. ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. कॉम्प्युटरचं म्हणणं तो कार्डाला सांगतो. तुझं जुनं कार्ड एका कंपनीचं, नवं दुसरीचं. जुन्या दुभाष्याला घरी न पाठवता नवा आणून बसवला की दोघं एकदम बोलतात आणि कॉम्प्युटर डोळे मिटून घेतो. लुकलुक, पट्टे, काळी स्क्रीन, हे सगळं त्याचंच लक्षण आहे. असली मशीनं माझ्याकडे रोज येतात, आणि आणणारा प्रत्येक जण शपथेवर सांगतो की सगळं केलं.

मशीन सेफ मोडमध्ये सुरू कर, म्हणजे नुसत्या जुजबी गोष्टी चालू होतात. तिथे जुना ड्रायव्हर मुळापासून काढ, त्याच्या सेटिंगसकट. मग नेहमीसारखं सुरू केलंस की सगळं मोठं मोठं आणि ओबडधोबड दिसेल. घाबरू नकोस. नवा ड्रायव्हर टाकलास की ठीक होईल.

आणि अक्षर एवढं मोठं का काढलंयस? चार वाक्यांत पान संपतंय. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात. तू माझ्या वह्यांवर नाव घालायचीस तेव्हा मास्तर विचारायचे, छापून आणलं का म्हणून.

ढब्बू


२० जानेवारी

ढब्बू,

राग आला की माझं अक्षर मोठं येतं. बारीक हवं असेल तर राग येईल असं वागू नकोस.

नव्हता काढला जुना ड्रायव्हर. झालं समाधान? आता पेढे वाट दुकानात.

पण का नव्हता काढला ते ऐक, कारण तू विचारणारच नाहीस. त्या ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये माझे रंग होते. स्क्रीनचा रंग मोजायचं यंत्र मागेच मोडलं. नवं मागितलं तर ‘बघू’. तेव्हापासून मी स्क्रीन माझ्या नजरेनं लावत आलेय. स्क्रीनसुद्धा म्हातारी होते, शहाण्या. पिवळी पडते, मंद होते. तिला जपावं लागतं. आज थोडा निळा वाढव, पुढे कधी थोडा उजेड वाढव, असं करत करत मी ती घडवली होती. माझी इतक्या वर्षांची नजर होती त्यात. तू म्हणतोस, मुळापासून काढ, सेटिंगसकट. तुझं काय जातंय म्हणायला.

काढला. तुझा नवा टाकला. स्क्रीन आता लुकलुकत नाही, कबूल करते, उगाच खोटं बोलणार नाही. पण चित्रं? सगळ्या पेशंटांवर चहा सांडल्यासारखा दिसतोय. पांढरा कागद विटका. डोळे फाडून बघावं लागतं. ही तुझी सुधारणा.

माझ्या खुणा मला पाठ आहेत. निळा अगदी शेवटाला टेकवलेला, लाल निम्म्याच्याही खाली, कॉन्ट्रास्ट जवळजवळ पूर्ण. तुझा हा नवा दीडशहाणा तेवढा निळा चढूच देत नाही. मध्येच अडतो. तेव्हा जुना ड्रायव्हर परत कसा टाकायचा ते लिही. उपदेश नको, फक्त कृती लिही. डॉक्टरीणबाई दिवसाआड येऊन डोक्याशी उभ्या राहतात आणि मालक त्यांना माझ्यादेखत सांगतात, होईल होईल, नाहीतर आहेच बाहेरचा माणूस.

ताई


२५ जानेवारी

ताई,

हे पत्र मी तीनदा फाडलं. हे चौथं.

तू लिहिलेल्या खुणा मी माझ्या मशीनवर लावून बघितल्या. माझी स्क्रीन नवी आहे, तुझी जुनी, हे सगळं धरून बघितल्या. सगळं निळंभोर झालं. बायको डबा द्यायला आली होती, ती म्हणाली, हे काय, स्क्रीन गेली की काय? एक गिऱ्हाईक उभं होतं, त्यानं न विचारताच सांगितलं की डोळे दुखतायत, बंद करा.

जुना ड्रायव्हर नव्या कार्डाला चालत नाही. आणि चालत असता तरी मी कृती लिहिली नसती.

स्क्रीन पिवळी पडते हे खरंय. पण इतकी नाही पडत ताई. आजवरच्या स्क्रीन मी बघितल्यात, इतकी पिवळी एकही नव्हती. मागच्या वर्षी तू आमच्याकडे आलीस तेव्हा भर दुपारी, खिडकी उघडी असताना, दिवा लाव म्हणालीस. माझा गडद निळा शर्ट काळ्या कपड्यांच्या घडीत ठेवलास. भाजी चिरताना ताट खिडकीपाशी नेत होतीस. शंका मला तेव्हाच आली होती. आता हे अक्षर.

पिवळी स्क्रीन नाही पडली, ताई. मोतीबिंदू असावा. हल्ली तो काढणं काही मोठं राहिलेलं नाही. रागव, शिव्या दे, पण जाऊन डोळे दाखव.

ढब्बू


३० जानेवारी

ढब्बू,

माझ्या डोळ्यांवर गेलास? कार्डाचं निभेना, ड्रायव्हरचं निभेना, तर बहिणीला आंधळी ठरवून मोकळा झालास?

या डोळ्यांनी मी तुझ्या केसांतल्या उवा काढल्यात. या डोळ्यांवर हा छापखाना चाललाय. इतकी पुस्तकं निघाली, एका माणसानं रंगाची तक्रार केली असेल तर शपथ. जा, विचार कुणालाही. माझ्या डोळ्यांत खोट असती तर कागदावर दिसली नसती का? आणि तुझ्या शर्टाचं म्हणशील तर तो इतका मळका होता की देवालाही त्याचा रंग कळला नसता.

कार्ड परत पाठवते. पत्र लिहू नकोस.


१५ फेब्रुवारी

ताई,

लिहू नको म्हणालीस, म्हणून थोडंसंच लिहितो.

कार्ड अजून आलेलं नाही. म्हणजे ते मशीनमध्येच आहे. म्हणजे मशीन चालू आहे, किंवा तू माझ्याइतकीच त्याच्यावरही रागावून त्याच्याकडे बघत नाहीयेस.

काल भावोजींना फोन केला. ताई कुठेय विचारलं तर म्हणाले, बाहेर गेलीये. कुठे विचारलं तर त्यांना एकदम खोकला आला. भावोजींना खोटं बोलायला लावत जाऊ नकोस, त्यांना झेपत नाही.

ढब्बू


१८ मार्च

ढब्बू,

अक्षर बघ. भिंग लागलं तर माझ्याकडून घेऊन जा, मला आता नकोय.

मी तपासायला गेले ते तुझं तोंड बंद करायला. म्हटलं, डॉक्टरकडून लिहूनच आणावं की डोळे ठणठणीत आहेत आणि ते फ्रेम करून तुझ्या दुकानात पाठवावं. त्या माणसानं एका डोळ्यात बघितलं, दुसऱ्यात बघितलं आणि विचारलं, बाई, काम काय करता? मी म्हटलं, रंग तपासते. तो खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकला. मला इतका अपमान वाटला की ऑपरेशन करायचंच नाही म्हणून हटून बसले. मग तुझे भावोजी म्हणाले, रागावून का होईना, करून घे. आधी एक डोळा केला, मग दुसरा. तुला कळवलं नाही, कारण तू ‘मी म्हटलं नव्हतं का’ म्हणाला असतास.

पट्टी काढली आणि पहिल्यांदा दिसली ती भिंत. ढब्बू, भिंत पांढरी होती. मी आपली इतकी वर्षं समजत होते की रंगाऱ्यानं साय कालवलीय. तुझे भावोजी किती पिकलेत, आणि शेजारच्या खिडकीतला पडदा जांभळा आहे! कुणी सांगितलं नाही मला.

कामावर परत गेले. तुझ्या ड्रायव्हरच्या कुठल्याही खुणेला हात लावला नाही, आहे तशी स्क्रीन ठेवली, आणि जुन्या पुस्तकांच्या फाइली उघडल्या. सगळं निळं. लग्नातली माणसं, शाळेची पोरं, सगळी थंडीत कुडकुडल्यासारखी. हे मी केलं? स्क्रीनचा निळा शेवटाला टेकल्यावर उरलेला फोटोंतच भरत गेले? यावर मी सही केली? धावत फडताळापाशी गेले, तीच पुस्तकं काढली. तर ती ठीक! चेहरे चेहऱ्यासारखे. शेवटी मनाची समजूत घातली की शाई आणि कागद मिळून सांभाळून घेत असतील.

डॉक्टरीणबाईंचे सगळे फोटो पुन्हा केले. या डोळ्यांनी. पुढच्या आठवड्यात मशीनवर चढतील. मालकांनी बाहेरच्या माणसाचं नाव घेणं सध्या बंद केलंय. हे पुस्तक नीट उतरलं तर पुन्हा घेणार नाहीत.

ताई


२३ मार्च

ताई,

मी म्हटलं नव्हतं का.

आता ते म्हणून झालं. अक्षर बघून दुकानात बसल्या बसल्या रडलो. गिऱ्हाइकाला वाटलं मदरबोर्ड गेला.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. छपाईतलं मला काही कळत नाही. पण यंत्रांत जन्म गेला, आणि यंत्र आपणहून कुणाला सांभाळून घेताना मी बघितलेलं नाही. फाइल निळी असेल तर कागद निळाच यायला हवा. तुझी सही झाली की मशीनपाशी कोण असतं?

ढब्बू


३१ मार्च

ढब्बू,

कोण असतं ते कळलं.

पहिला ताव निघाला, मी दिव्याखाली धरून नीट बघितला. तळवे, पाठी, चेहरे, एकेक चट्टा जसा हवा तसा. सही केली आणि तृप्त होऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी गेले तर मालकांच्या खोलीत डॉक्टरीणबाई उभ्या, हातात छापून झालेले ताव, आणि त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत. म्हणत होत्या, माझ्या सगळ्या पेशंटांना कावीळ झालीये, नायटा झालेल्यालाही आणि धडधाकट असलेल्यालाही, हे पुस्तक वाचून पोरं जिवंत माणसांना काविळीची औषधं देतील. मालकांनी माझ्याकडे बघितलं. आवाज असा मऊ काढला की माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणाले, बाई, ऑपरेशन झालंय, थोडे दिवस विश्रांती घ्या, तोवर बाहेरचा माणूस बघेल.

मी तडक खाली गेले, मशीनला अडकवलेला माझा सहीचा ताव काढून आणला आणि त्यांच्या टेबलावर त्या काविळीच्या शेजारी ठेवला. माझा बरोबर होता. डॉक्टरीणबाईंनी स्वतः बघून सांगितलं की असाच हवाय. मग सहीनंतर झालं काय? आम्ही तिघंही खाली गेलो. मशीनमन शाई कमी-जास्त करायच्या चाव्यांपाशी उभा होता. मी काही विचारायच्या आत त्याचा चेहरा पडला.

हा माणूस माझ्या शेजारी अर्धं आयुष्य डबा खातोय. शांत, कधी वर तोंड करून बोललेला नाही. म्हणाला, “बाई, तुमची सही झाली, तुम्ही जिना चढलात, की पिवळी शाई वाढवायची. आता हाताला सवय झालीये. तुमचे डोळे बरे झाले हे हाताच्या लक्षातच आलं नाही.”

कधीपासून विचारलं, तर तो मालकांकडे बघायला लागला. आणि मालक छताकडे. म्हणजे यांनाही माहीत! मालकांनीच त्याला सांगितलेलं की बाईंना बोलू नकोस, वाईट वाटेल. वाईट वाटेल! इतकी वर्षं मी त्या तावावर मान वाकडी करकरून सही करायची, आणि माझी पाठ वळली की ह्यांनी ती सही बाजूला सारून खरं काम करायचं. ‘रंग पास’ म्हणून मी ऐटीत जिना चढत होते आणि खाली चाव्या फिरत होत्या. वर बाहेरच्या माणसाची भीती मला घालायची! माझ्यामुळे काम बिघडतंय हे माहीत होतं तर तोंडावर सांगायचं होतं. मी आदळआपट केली असती, चार दिवस आले नसते, पण डॉक्टरकडे गेले असते. या दयाळू लोकांनी मला आंधळी होऊ दिलं असतं, पण नाराज होऊ दिलं नसतं.

मी म्हटलं, माझं कार्ड नवं, माझे डोळे नवे, आणि जुना ड्रायव्हर इथे खाली उभा! कुणाला काही कळलं नाही. तुला कळेल.

आणि तू फार खूश होऊ नकोस. तुझं २५ जानेवारीचं पत्र काढून पुन्हा वाचलं. नव्या डोळ्यांनी. ‘शंका मला तेव्हाच आली होती.’ तेव्हा म्हणजे मागच्या वर्षी. तुझा शर्ट मी काळ्या घडीत ठेवला, तू तो गुपचूप उचललास आणि निळ्यात नेऊन ठेवलास. हो ना? मग तुझ्यात आणि त्या मशीनमनमध्ये फरक तो काय? त्यानं निदान पिवळ्या शाईचा हिशेब तरी सांभाळला. सख्खा भाऊ असून वर्षभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास. माझ्या रागाला घाबरून! इतकी वाईट आहे का रे मी, की माझे डोळे गेले तरी चालतील, पण माझा राग नको?

याचं उत्तर देऊ नकोस. मी माझं मनाशी बघतेय.

ताव पुन्हा छापले. खर्च मालकांच्या माथी, त्यांनी ‘बघू’ म्हटलं नाही. आता सही झाली तरी मी जिना चढत नाही. मशीनपाशी स्टूल टाकून घेतलंय. मशीनमनला बजावलंय की यापुढे जे वाटेल ते मला ऐकू येईल असं बोलायचं, नाहीतर माझ्याशी गाठ आहे. पहिला ताव आला. तो बराच वेळ पाय बदलत उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, लाल जरा जास्त वाटतोय.”

मला इतका राग आला ढब्बू, की काय सांगू. मग ताव दिव्याखाली धरला. लाल जास्त होता. कमी केला.

सोबत एक ताव पाठवतेय. बघ आणि खरं काय ते लिही. गोड बोललास तर याद राख.

ताई


६ एप्रिल

ताई,

ताव दुकानाच्या दारात उजेडात धरून बघितला. पाठी उत्तम. चेहरे उत्तम. कावीळ कुणालाही नाही.

एका हाताची नखं मात्र मला निळी वाटतात. लिहू की नको, लिहू की नको करत दोन दिवस घालवले, आणि लिहितोय.

शर्ट मीच उचलला होता. चुकलं.

ढब्बू


१० एप्रिल

ढब्बू,

नखं निळीच आहेत. तो रोगच तसा आहे, फोटोखाली डॉक्टरीणबाईंनी ढळढळीत लिहिलंय. वाचायचे कष्ट घेतले असतेस तर कळलं असतं.

पण लिहिलंस.

पहिल्या पत्रातले आशीर्वाद द्यायचे राहिले होते. ते घे.

ताई